आमची वाटचाल : लॉन राखण्यापासून लॉन काढण्यापर्यंत

आमच्या फर्मचं मूळ काम लॉन लावण्याचं आणि राखण्याचं. माती सपाट करायची, गवताच्या चादरी अंथरायच्या, रोलर फिरवायचा, स्प्रिंकलर बसवायचे आणि मग वर्षभर कापणी, खत, पाणी. आज बहुतेक कामं उलट्या दिशेची येतात: आहे ती हिरवळ काढून तिथे कमी पाण्यावर जगणारी बाग करायची. अवजारं बरीचशी तीच राहिली. कामाचा क्रम मात्र पार बदलला, आणि तो का बदलला हे इथे मांडतो आहोत.

आधी हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक, कोरड्या उन्हाच्या दिवसांत बाष्पीभवनाचा दर दिवसाला ७ मिमीच्या आसपास धरला, तर उष्ण हवामानातल्या गवताला त्याच्या साधारण ६० ते ७० टक्के, म्हणजे ५ मिमी पाणी लागतं. १०० चौरस मीटर लॉनला रोज ५०० लिटर. स्प्रिंकलरचं वाऱ्याने उडणारं आणि फरशीवर पडणारं पाणी धरलं की आकडा ७०० च्या पुढे जातो. त्याच जागेत नीट रुजलेल्या काटक झुडपांना ७ मिमीच्या पाव हिस्सा पुरतो: १७५ लिटर, ठिबकमधली थोडी गळती धरून २०० च्या आत.

कागदावर हे सोपं दिसतं. पण सुरुवातीच्या कामांत आम्ही फक्त झाडं बदलत होतो आणि टायमर लॉनच्या वेळापत्रकावरच चालू राहायचा. पाण्याच्या मीटरवर दिसणारा वापर तसूभरही कमी व्हायचा नाही. वर झुडपांची मुळं कुजायची. म्हणून आता झाडांची यादी आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. पहिल्या भेटीत मीटरचा आकडा, व्हॉल्व्ह किती, कुठला व्हॉल्व्ह कुठे पाणी देतो, आणि उन्हाचा नकाशा एवढंच घेतो.

अशा कमी पाण्याच्या बागेला झेरिस्केप म्हणतात. हा शब्द १९८१ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेत तयार झाला. ग्रीकमध्ये ‘झेरोस’ म्हणजे कोरडं. अनेक जण तो ‘झिरोस्केप’ ऐकतात आणि खडी, दोन निवडुंग आणि उन्हाचा भपकारा एवढंच डोळ्यासमोर आणतात. तसं काम मागणारेही भेटतात. आम्ही खडीचं प्रमाण एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ देत नाही, कारण तापलेली खडी संध्याकाळनंतरही भिंतींवर आणि पानांवर उष्णता फेकत राहते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या गवत मारताना. ग्राहक कामाआधी महिनाभर लॉनचं पाणी तोडतो, गवत पिवळं पडतं, सगळ्यांना वाटतं मेलं. हरळी मेलेली नसते, झोपलेली असते. नव्या बागेचं पाणी सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत ती खडीतून वर येते. म्हणून उलट करतो: आधी दोन आठवडे पाणी देऊन गवत जोमात आणायचं, मग मारायचं. पाण्याअभावी सुकलेल्या पानांतून तणनाशकसुद्धा मुळांपर्यंत उतरत नाही.

ऊन कडक असेल तर आमची पसंती पारदर्शक प्लास्टिकला. गवत जमिनीलगत कापायचं, माती ३० सेंटिमीटरपर्यंत ओली करायची, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा ताणून अंथरायचा, कडा १५ सेंटिमीटर चर खणून पुरायच्या. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद इथे चालत नाही: तो स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत ही पद्धत फसते. तेवढा पट्टा कुदळीने १५ ते २० सेंटिमीटर खोल खणून मुळ्या हाताने वेचाव्या लागतात. रोटाव्हेटर कधीही नाही. तो हरळीच्या एका मुळीचे पन्नास तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा फुटतो.

पुठ्ठा अंथरून वर आच्छादन टाकायची पद्धत नाजूक गवताला चालते: पुठ्ठ्याचे दोन थर, सांधे १५ सेंटिमीटर एकावर एक, वर १० ते १५ सेंटिमीटर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा. हरळीला ती पुरत नाही. लव्हाळा तर काळ्या प्लास्टिकलाही भोक पाडून वर येतो. जागेत लव्हाळा दिसला की वेळापत्रकात एक अख्खा हंगाम वाढवून सांगतो. त्याच्या गाठी पुन्हा पुन्हा उपटून थकवण्याला पर्याय नाही.

पातळी हा कुणाच्या डोक्यात न येणारा विषय. लॉन बहुधा फरशीच्या बरोबरीने असतं. त्यावरच खडी ओतली तर ती पायवाटेवर येते आणि पावसाचं पाणी घराकडे वळतं. म्हणून ८ सेंटिमीटर माती काढावी लागते. १०० चौरस मीटरला ती ८ घनमीटर, आणि खणल्यावर फुगून जवळपास १० घनमीटर होते. ती बाहेर नेण्यापेक्षा त्याच जागेत २० ते ३० सेंटिमीटर उंचीचे उंचवटे करून त्यांवर झुडपं लावणं आम्हाला बरं वाटतं, अर्थात माती हरळीच्या मुळ्यांपासून साफ असेल तरच. खडीचा वरचा थर फरशीच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे, आणि उतार इमारतीपासून लांब, मीटरला २ सेंटिमीटर.

त्याआधी निचरा तपासतो: ३० सेंटिमीटर खोल खड्डा, एकदा पाण्याने भरून जिरू द्यायचा, पुन्हा भरून तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर सपाट जागेत लॅव्हेंडर, रोजमेरी, घायपात लावायचे नाहीत.

लॉनमधली जुनी झाडं वेगळीच. त्यांची पाणी पिणारी मुळं वर्षानुवर्षं स्प्रिंकलरच्या पाण्यावर, वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. लॉन गेलं की हे पाणी अचानक तुटतं आणि झाड पहिल्याच उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागतं. दोष मात्र नव्या बागेवर येतो. उपाय साधा आहे: झाडांसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह, खोडाजवळ नव्हे तर फांद्यांच्या टोकाखाली ठिबक नळीची दोन वर्तुळं, आणि दहा-पंधरा दिवसांतून एकदा माती ४५ सेंटिमीटरपर्यंत भिजेल इतकं पाणी. फांद्यांच्या घेराखाली यंत्राने खणत नाही, तिथलं गवत हातानेच काढतो.

मग नळ्या. स्प्रिंकलरची जुनी जमिनीतली पाइप बहुतेक वेळा वापरता येते. एका हेडच्या, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोंडाच्या जागी दाब कमी करणारं रेग्युलेटर आणि १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर बसवायचा, बाकी हेड काढून बूच लावायचं. दाब १ ते १.५ बार. त्याहून जास्त झाला की जोड निसटतात. एक अडचण नेहमी येते: लॉनसाठी घेतलेला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह मोठ्या प्रवाहाचा असतो; ठिबकच्या अगदी कमी प्रवाहावर तो नीट मिटत नाही आणि रात्रभर पाझरतो. तो बदलूनच घ्यावा.

१०० चौरस मीटरला ५० सेंटिमीटर अंतराने १६ मिमीची इनलाइन नळी, म्हणजे आतच ड्रिपर (थेंब सोडणारी छिद्रं) बसवलेली नळी टाकली तर २०० मीटर लागते. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रिपर, म्हणजे ५०० ड्रिपर. प्रत्येकी ताशी २ लिटर धरले तर तासाला १,००० लिटर. वरच्या हिशेबाने आठवड्याची गरज सुमारे १,३५० लिटर, म्हणजे ८० मिनिटांच्या आसपास. भारी मातीत हे सलग देत नाही. २५-३० मिनिटांचे तीन हप्ते, मध्ये तासाभराची विश्रांती. एक सलग नळी ५० मीटरच्या आत ठेवतो, उतारावर दाब सांभाळणारे ड्रिपर वापरतो, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला फ्लश कॅप, म्हणजे उघडून नळी धुता येईल असं झाकण, असतंच.

आच्छादनाचं थोडक्यात: झाडांभोवती सेंद्रिय आच्छादन ७ ते ८ सेंटिमीटर, खोडापासून हातभर नाही तरी १० सेंटिमीटर दूर. चालायच्या जागी १२ ते २० मिमीची खडी, ५ सेंटिमीटर थर. १०० चौरस मीटरला ५ घनमीटर, सुमारे साडेसात टन. खाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) चालतं, प्लास्टिकचा कागद नाही, त्याखालची माती गुदमरते. आणि कापड घातलं म्हणून तण येत नाही असं आम्ही कुणाला सांगत नाही. दोन वर्षांत खडीत धूळ साठते, बिया वरूनच रुजतात.

झाडं शेवटी. बोगनवेल, कोरफड, घायपात, सदाफुली, गवती चहा, रोजमेरी ही नेहमीची. कण्हेर काटक आहे, पण विषारी. लहान मुलं किंवा जनावरं असतील तिथे टाळतो. घाणेरी कितीही फुलली तरी लावत नाही, ती कुंपणाबाहेर पसरते. अंतर आजच्या नव्हे, पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेरावरून ठरवतो. पहिल्या वर्षी बाग विरळ दिसते आणि ग्राहक मधल्या जागा भरायला सांगतो. तिथे आम्ही हट्टीपणा करतो.

कृत्रिम हिरवळ बसवत नाही. थेट उन्हात तिचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि थंड करायला पुन्हा पाणीच मारावं लागतं.

काम सोपवताना टायमरवर तीन वेळापत्रकं भरून देतो: पहिले तीन आठवडे एक दिवसाआड, मग वर्षभर आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यापासून आठवड्यातून एकदा. पाऊस पडला की बंद. आपोआप पुढचं वेळापत्रक लागत नाही, म्हणून बदलायची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेली असते. पानं पिवळी आणि मऊ पडली तर पाणी जास्त होतंय, कडा करपून कुरकुरीत झाल्या तर कमी. कोरड्या हंगामात एकदा दुप्पट वेळ पाणी सोडून नळीभोवती साठलेले क्षार खाली ढकलायचे, आणि फिल्टरची जाळी महिन्याला एकदा धुवायची.