फिलमोर ईस्टची कुठली प्रत घ्यावी?

तुम्ही विचारलंत म्हणून. ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी रॉक बँडचं ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हे लाइव्ह रेकॉर्ड घ्यायचंय, पण बाजारात त्याच मैफिलींच्या निरनिराळ्या आवृत्त्या दिसतात. कुठली घ्यावी? आणि त्यातलं ‘व्हिपिंग पोस्ट’ हे २३ मिनिटांचं गाणं ऐकायचं तरी कसं?

आधी १९७१ची मूळ, सात गाण्यांची घ्या. बाकीचं नंतर.

याचं कारण निर्माता टॉम डाउड. मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरच्या फिलमोर ईस्ट या थिएटरमध्ये बँड वाजवत होता. ध्वनिमुद्रणाच्या ट्रकमध्ये १६ ट्रॅकचं टेप मशीन होतं. पहिल्या रात्री बँडनं सॅक्सोफोनवाले सोबत आणले, ते डाउडला अजिबात पटलं नाही आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं. खेळ संपला की टेप ऐकायच्या, जमलं ते ठेवायचं, फसलं ते पुढच्या खेळात पुन्हा वाजवायचं, असा क्रम होता. म्हणून एकेका गाण्याची अनेक वादनं हाताशी आली आणि त्यांतली जमलेली तेवढीच मूळ रेकॉर्डवर गेली. रेकॉर्ड जुलैत निघाली आणि २९ ऑक्टोबरला बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन मोटरसायकल अपघातात गेला, अवघ्या २४व्या वर्षी.

लाइव्ह म्हणजे कात्री लागलीच नाही, असं मात्र समजू नका. ‘यू डोन्ट लव्ह मी’ हे दोन वादनांचे तुकडे जोडून केलंय. ‘स्टॉर्मी मंडे’मधला माउथ ऑर्गनचा तुकडा मूळ रेकॉर्डवर नाही, १९९२च्या ‘द फिलमोर कॉन्सर्ट्स’ या रिमिक्समध्ये तो परत आला. तो ऐकला की डाउडनं का कापला ते कळतं. वाजवलंय बरं, पण गाणं तिथे पसरतं. २०१४चा सहा सीडींचा संच अभ्यासासाठी उत्तम, कारण त्यात मार्चचे खेळ अख्खे आहेत, शिवाय २७ जूनचा, थिएटर बंद होतानाचा कार्यक्रमही. पण पहिल्यांदाच ऐकणाऱ्यानं तेच गाणं लागोपाठ तीन-चारदा ऐकलं तर कंटाळा येणारच.

जुनी एलपी मिळत असेल तर कॅटलॉग क्रमांक एसडी २-८०२ पाहा आणि दोन्ही तबकड्या त्याच संचातल्या आहेत ना, ते तपासा. चौथी बाजू उजेडात तिरकी धरा. तिच्यावर एकटं ‘व्हिपिंग पोस्ट’ आहे, त्यामुळे खाच पार आतपर्यंत जाते. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगानं बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच सरकते, आत लेबलपाशी जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला, म्हणून शेवटी झांजा चरचरतात. रेकॉर्ड खराब आहे असं ठरवण्याआधी सुई साफ करा, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या डबीचा) कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मापायच्या पट्टीवर, जुळवा. गोल टोकाची सुई असेल तर लंबगोल टोकाची बसवा. फरक लगेच ऐकू येतो.

मोबाइलवर ऐकत असाल तर क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर टाळ्यांवर टाळ्या चढतात. एकच ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. या रेकॉर्डची निम्मी गंमत डाव्या-उजव्यात आहे. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ लावा. ज्या बाजूनं तारांवर काच सरकवून काढलेला तो घसरता, रडवा सूर येतो, तो ड्वेन; दुसऱ्या बाजूचा डिकी बेट्स, बँडचा दुसरा गिटारवादक. ड्वेनची स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची ती काच, ही कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, अनामिकेत घातलेली. गिटारच्या तारा ओपन ई पद्धतीनं लावलेल्या: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. बाजू एकदा ओळखल्या की ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’मध्ये दोघं कुठे जोडीनं वाजवतात आणि कुठे एकजण दुसऱ्याला वाट देतो, ते आपोआप कळतं.

आता २३ मिनिटं. कोणी प्रेक्षक गाण्याचं नाव ओरडतो आणि बेरी ओकलीचा बास सुरू होतो. मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. अकरा. (रुद्रतालही अकराच मात्रांचा, पण इथे त्याचे खंड शोधू नका, लागत नाहीत.) गायन सुरू झालं की ही मोजणी सुटते, कारण कडव्याची चाल सहाच्या पटीत आहे. तिथे अकरा धरून बसणारा हमखास चुकतो. साधारण दहाव्या मिनिटानंतर ताल जवळजवळ विरघळतो. इथेच बहुतेक जण गाणं पुढे ढकलतात. ढकलू नका, आवाज थोडा वाढवा आणि दोन ड्रमर एकमेकांची वाट कशी बघतात तिकडे कान द्या.

आणि टाळ्या सुरू झाल्या म्हणून सुई उचलू नका. टाळ्यांच्या खालून टिंपनी (नगाऱ्यासारखा मोठा ड्रम) घुमू लागते, पुढची चाल हळूच डोकावते आणि आवाज विरतो. ती ‘माउंटन जॅम’. ती पुढे १९७२च्या ‘ईट अ पीच’वर आली, ३३ मिनिटांची. एलपीवर ती दोन बाजूंत तोडलेली आहे, म्हणून ती सीडीवरच घ्या.