जळगावात सिनेसंगीताचा लाइव्ह ऑर्केस्ट्रा बसवताना

ट्रॅक लावून गाणी म्हणायचे कार्यक्रम आमच्या जळगावात पुष्कळ होतात. मला जुन्या हिंदी गाण्यांमागचा अख्खा वाद्यमेळ माणसांनी समोर बसून वाजवलेला ऐकवायचा होता. व्हायोलिनवाले पुण्या-मुंबईहून आले. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटसाठी मात्र मी बाहेर पाहिलंच नाही. खानदेशातल्या लग्नाच्या बँडमध्ये असे वादक आहेत, की वरातीत चालता चालता अंतऱ्याआधीचा सगळा तुकडा हुबेहूब काढतात. त्यांना रंगमंचावर खुर्ची मिळावी, हा माझा हट्ट होता.

तारीखही त्यांच्याच सोयीने ठरली. तुळशीचं लग्न लागलं की बँडवाल्यांना जेवायला फुरसत नसते. पौषात आपल्याकडे लग्नं फारशी होत नाहीत. म्हणून कार्यक्रम पौषात आणि तालमींची सुरुवात पितृपक्षात.

खरी मेहनत वह्यांची, म्हणजे प्रत्येक वादकाने काय वाजवायचं ते लिहून काढण्याची. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन गोव्याचे सेबास्टियन डिसूझा स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहीत. ते कागद आपल्याला कुठून मिळणार? रेकॉर्ड ऐकून एकेका वाद्याची ओळ वेगळी काढली. त्यात ट्रंपेट काळी पाचचं, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचं. वादकाने आपला सा लावला की पेटीवर तो काळी पाच येतो. व्हायोलिनची ओळ त्याला जशीच्या तशी दिली, तर सगळं एक पूर्ण स्वर खाली वाजतं. शिवाय आमच्या ज्येष्ठ वादकांना स्टाफ वाचता येत नाही, सरगम येते. मग प्रत्येक ओळ त्यांच्या वाद्याचा सा धरून सरगममध्ये लिहिली आणि थांबायच्या मात्रा लाल पेनने मांडल्या.

सगळ्यात जड गेलं ते हे थांबणंच. बँडमध्ये ट्रंपेट थांबलं तर वरातीचा जोर जातो. इथे व्हायोलिनचा तुकडा संपेपर्यंत मात्रा मोजत बसायचं आणि नेमक्या जागी दोनच स्वर टाकायचे. एक काका मला म्हणाले, "सर, वाजाडनं सोपं शे, चूप बसनं अवघड शे." पण एकदा ते जमलं, आणि त्यांचे ते दोन स्वर असे काही लागले की मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांनी वाजवता वाजवता माना वळवून पाहिलं.

'नागिन'ची (१९५४) बीन घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. हेमंतकुमारांच्या संगीतातली ती बीन खऱ्या पुंगीची नाही. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या जुन्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती काढली होती. आम्ही कीबोर्ड आणि पेटी शेजारी शेजारी बसवली. दोन्हींचे सूर एकमेकांत मिसळले तरच ती बीन वाटते, नुसत्या कीबोर्डवर नाही.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. चित्रपटगीतं जाहीरपणे वाजवायची म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना काढला, पोलिसांना पत्र दिलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, बंद सभागृहाला सूट आहे. म्हणून मैदान सोडून नाट्यगृह घेतलं.

पौषातल्या थंडीचा विचार आधी करून ठेवा. गार पितळेचा सूर उतरतो. सभागृह भरलं, ऊब आली की तो चढतो, आणि तेव्हाच व्हायोलिनच्या तारा सैल पडतात. ॲकॉर्डियनचा सूर मात्र हलवता येत नाही. आम्ही सगळ्यांना ॲकॉर्डियनवर मिळवलं. ट्रंपेटवाले पडदा उघडण्याआधी विंगेत वाद्यात हलकी फुंकर घालत उभे राहिले, आणि मध्यंतरात सगळी वाद्यं पुन्हा लावली.

पुढच्या पौषातही कार्यक्रम आहे. धुळे, नंदुरबार, अमळनेर, कुठल्याही बँडला या वह्या हव्या असतील तर मी आनंदाने झेरॉक्स देईन. ओळी काळी पाचच्या ट्रंपेट-क्लॅरिनेटसाठी आहेत. अल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा असतो, त्याच्यासाठी त्या नव्याने लिहाव्या लागतील.