मधली चाळीस वर्षं

दुपारी जेवण झालं की मी फोनवर एखादं गाणं लावून आडवा होतो. झोप लागली तर गाणं वाया, नाही लागली तर जेवण वाया, असा हा दोन्हीकडून तोट्याचा व्यवहार आहे. पण सवय जात नाही. परवा गवई मल्लिकार्जुन मन्सूरांची 1930च्या दशकातली तबकडी लागली. ती संपली तशी फोनने आपल्या मनानेच त्यांचं उतारवयातलं गाणं सुरू केलं. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "आता हे आणखी कोण बसलं गायला?"

"तेच आहेत, आई."

"छे! मघाचा पोरगा होता."

पोरगाच होता खरा. मन्सूरांचा जन्म 1910चा, अगदी 31 डिसेंबरचा. म्हणजे त्या तबकडीत ते पंचविशीच्या आगेमागे. आवाज खणखणीत, ताना सपाट आणि धावत्या. ऐकून 'वा' म्हणावं आणि पुढच्या कामाला लागावं. दुसरं गाणं मात्र पुढच्या कामाला लागू देत नाही. आवाज काहीसा नाकातला, वयाने किनार आलेला. प्रस्तावना नाही, लांबलचक आलापी नाही. चीज, म्हणजे बंदिश, धरली, तबला सुरू झाला आणि गोष्ट थेट मधूनच सुरू. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन श्वास घ्यावा, तर तिथेच पुढच्या आवर्तनाचं बीज टाकून मोकळे. खटसारखा अवघड राग असला तरी बोलता बोलता सांगितल्यासारखा.

माझा एक काका गवई दशकवार ऐकायचा. 'साठचा भीमसेन', 'सत्तरचा भीमसेन' असं म्हणायचा. त्याच्या कॅसेटींवर रागाचं नाव असे, साल असे, गवयाचं नाव नसे. ते ओळखू येत नसेल तर ऐकूच नये, असं त्याचं म्हणणं. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. काका रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून दोन बटणं एकदम दाबायचा आणि त्या क्षणापासून घरात सगळ्यांना मौन. काकू भांड्यांवर पाणी घालून ठेवायची, घासायची सकाळी. आम्ही पोरं सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढायचो, तेही आवाज न करता, आणि ज्याला चिमटा बसे त्याने फक्त डोळे मोठे करायचे. मन्सूरांच्या एका तानेच्या ऐन मध्यावर माझी शिंक आहे. काका काही बोलला नाही. फक्त कॅसेटवर, साल लिहिलेलं असे त्याखाली, बारीक अक्षरात 'शिंक' असं लिहून ठेवलं.

काकाचा सिद्धांत असा, की गवई चाळिशीत पिकतो, पन्नाशीत टिकतो आणि नंतर आपण त्याच्या नावासाठी जातो. यात मन्सूर बसत नसत. ते अपवाद, असं तो म्हणे. मग कुमार गंधर्व? पोरवयात मोठ्या मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा, मग गुरू देवधरांची तालीम, मग क्षय, देवासची ती गाण्याविना गेलेली वर्षं आणि नंतर भलताच कुणी गायला बसलेला. तोही अपवाद. आशाबाई? आईचा हा हुकमी एक्का. 1943मध्ये नऊ-दहा वर्षांची असताना मराठी सिनेमात पहिलं गाणं, 1957ला 'नया दौर', 1966ला 'तीसरी मंज़िल', 1981ला 'उमराव जान', आणि 1995मध्ये 'रंगीला', तेव्हा वय 62. दर दशकात कुणीतरी नवा संगीतकार येतो आणि तिच्याच गळ्यातून आधी न ऐकलेला आवाज काढून नेतो. काका म्हणायचा, सिनेमाचं वेगळं असतं. एकूण काय, त्याच्या सिद्धांतात अपवादच जास्त होते.

पण मला त्या दुपारी वेगळीच शंका आली. मन्सूर सुधारले, की आपल्यालाच ते उशिरा ऐकू आले? जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात स्थायी, अंतरा आणि गळ्याची तयारी दाखवायची, म्हणजे धावणं आलंच. तोच पंचविशीतला पोरगा एखाद्या वाड्यात दोन तास गायला बसे, तेव्हा काय गात होता, ते तबकडी कुठे सांगते? आणि गुरू मंजीखाँ 1937ला गेले. तालीम हाती येते न येते तोच. पुढे मंजीखाँचेच भाऊ भुर्जीखाँ यांच्याकडे शिकणं, मग धारवाड, तिथल्या आकाशवाणीवर संगीत सल्लागाराचं काम. पद्मश्री मिळाली 1970मध्ये, साठीच्या तोंडावर. सुधारणा झाली असेल तर ती या मधल्या चाळीस वर्षांत. आणि तेवढीच माझ्या फोनमध्ये नाही. काकाच्या कपाटातही नव्हती. त्याच्याकडे मन्सूरांच्या कॅसेटी होत्या, त्या सगळ्या म्हाताऱ्या मन्सूरांच्या.

धारवाडच्या शेजाऱ्यांना विचारायला हवं होतं. पण शेजाऱ्यांना असलं काही कळतं, यावर माझा विश्वास राहिलेला नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आणि पेटी घेऊन भूप राग शिकू लागले. रोज सकाळी सहाला. त्यांचा गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, पहिल्या दिवशी खाली लागला आणि मग तो खालीच राहिला. आख्ख्या इमारतीने तो गंधार दूधवाल्यासारखा स्वीकारला. गेल्या दिवाळीत त्यांची मुलगी बऱ्याच वर्षांनी न्यू जर्सीहून आली. पहिल्याच सकाळी ती जिन्यात भेटली आणि डोळे विस्फारून म्हणाली, "अहो, बाबा केवढे सुधारलेत!"

मी 'हो ना' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मुलगी बापाचं कौतुक करते आहे, त्यात आपण श्रुती कशाला काढा. पण मनात ते राहिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गजर लावून उठलो, चहाही ठेवला नाही, खिडकी उघडून उभा राहिलो. सा लागला, रे लागला.

गंधार मला तरी खालीच वाटला.