तोच मासा चार वेळा का?

प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी मागणारा माझा फॉर्म बी समितीकडून परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शेरा होता: "तोच मासा पुन्हा पुन्हा कशाला? दरवेळी नवीन घ्यावा."

अहो, माझ्या एमएस्सीच्या प्रबंधाचा विषयच तो होता! डासांच्या अळ्या खायला सोडतात ते गप्पी अंधाऱ्या पाइपातून किती सेकंदांत बाहेर येतात, ते मोजायचं. काही बिनधास्त, काही भित्रे. पण 40 माशांची एकेकदाच वेळ घेतली, तर दिसलेला फरक माशाच्या स्वभावाचा की त्या दिवसाचा, कळणार कसं? म्हणून प्रत्येकाची चार वेळा, आठवड्याच्या अंतराने. मग एकूण फरकात माशामाशांतल्या फरकाचा वाटा किती, ते काढायचं. हीच रिपीटेबिलिटी, शून्य ते एकमधली.

मासा पृष्ठवंशी, म्हणजे प्राणी नैतिकता समितीची परवानगी चुकत नाही. पुढची बैठक तीन महिन्यांनी. सर म्हणाले, "चिडू नकोस, उत्तर लिही." मी दोन पानं सूत्रं लिहिली. दुसऱ्या बैठकीतून तीच शंका परत! शेवटी लॅबमधल्या ताईने सांगितलं, "गणित काढून टाक, त्यांच्या भाषेत लिही." रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेलं तत्त्व समितीला पाठ असतं: प्राणी कमीत कमी वापरा. दरवेळी नवीन मासा घेतला तर 160 लागतील, माझ्या पद्धतीने 40. चार ओळी लिहिल्या, परवानगी आली. सहा महिने गेले ते गेलेच.

मोजणीत काही अडलं नाही. नरांचे ठिपके वेगवेगळे असतात, फोटोवरून ओळखता येतात. शेपटीशी काळा ठिपका असलेला एक महाभाग चारही वेळा पाइपाच्या तोंडाशी आला, नाक बाहेर काढलं आणि परत आत. दहा मिनिटांत न आलेल्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा, नुसते 600 सेकंद लिहून मोकळे होऊ नका. हो, खाणं घालायची वेळ एकच ठेवा, भुकेला मासा उगाच शूर दिसतो.

रिपीटेबिलिटी काढताना अनोव्हातले (गटागटांतला फरक तपासायच्या संख्याशास्त्रीय चाचणीतले) मीन स्क्वेअर, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासऱ्या, थेट भागू नका, आकडा फुगतो. लेसेल्स आणि बोग यांनी 1987 मध्येच ही चूक दाखवली होती, तरी मी केलीच. आर (R) या संगणकीय भाषेतलं आरपीटीआर (rptR) पॅकेज वापरा. आकडा लहान आला म्हणून रडूही नका: बेल आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या आढाव्यात प्राण्यांच्या वर्तनाची सरासरी रिपीटेबिलिटी 0.37 च्या आसपासच होती.

माझ्या त्या चार ओळी आता ज्युनियर जशाच्या तशा उतरवतात. खुशाल उतरवा, फक्त माशांचा आकडा बदला. एकाने तोही बदलला नव्हता.