सात नंबरची पिन

"अहो, अक्षरं केवढी मोठी झालीत बघा, आणि पान अर्धंच दिसतंय." सकाळी आल्याआल्या पानं लावणाऱ्या ताईंनी मला टेबलाशी बोलावलं. मॉनिटर १९२० × १०८० चा, पण डेस्कटॉप उघडला होता १०२४ × ७६८ मध्ये. गोल चिन्हं आडवी ताणून अंड्यासारखी झाली होती. त्यांना त्याच दिवशी अंक छपाईला द्यायचा होता.

आदल्या संध्याकाळी मशिन बंद करताना अपडेट बसले होते, त्यात नवा कर्नलही होता, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यामुळे आमच्या विभागात निकाल आधीच लागला होता: ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, गेला. माझ्या सहकाऱ्याने तर ड्रायव्हरची पॅकेजं काढून टाकायची कमांड टाइप करून ठेवली होती, फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी मशिनलाच विचारू.

जोडलेल्या हार्डवेअरची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय कमांडने सांगितलं की कार्डावर आय९१५ हा इंटेलचाच ड्रायव्हर चालू आहे. चित्र कोण काढतंय (रेंडरर) ते दाखवणाऱ्या जीएलएक्सइन्फोमध्येही इंटेलच होतं. ड्रायव्हर खरंच पडला असता तर तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं असतं, म्हणजे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरवर आलं असतं. मशिन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून मशिन सुरू केलं, तरी तेच. मग अपडेटचा काय दोष?

(इथे बरेच जण कर्नल सुरू करायच्या ओळीत नोमोडसेट हा पर्याय घालतात. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्याने चांगला चालणारा ड्रायव्हरही बाजूला बसतो आणि फर्मवेअरने (मशिनमधल्या मूळ प्रोग्रॅमने) दिलेल्या रिझोल्यूशनवर माणूस अडकतो. काळा पडदा आला तर आत शिरण्यापुरतं ते ठीक, कायमचं नाही.)

खरा धागा एक्सरँडआर या कमांडने दिलेल्या रिझोल्यूशनच्या यादीत होता. १०२४ × ७६८, ८०० × ६००, ८४८ × ४८०, ६४० × ४८०. बस. समोर कोणता मॉनिटर आहे हे कर्नलला कळत नाही, तेव्हा तो हीच मोजकी ठेवणीतली रिझोल्यूशनं पुढे करतो. मॉनिटर स्वतःची ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या तक्त्यात देतो. तो किमान १२८ बाइटचा असतो आणि सिस्टिममध्ये फाइल म्हणून वाचता येतो. मी त्या फाइलचे बाइट मोजले. शून्य.

ताईंचं काम थांबू नये म्हणून आधी हाताने मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि त्याचं टायमिंग, घालायचं ठरवलं. सीव्हीटी या हिशेब करणाऱ्या कमांडला १९२० × १०८० दिल्यावर त्याने १७३ मेगाहर्ट्झची मोडलाइन, म्हणजे त्या मोडच्या आकड्यांची ओळ, काढून दिली. ती लावायला गेलो तर नकार! दोन मिनिटं मीही चक्रावलो. मग लक्षात आलं, ओळखच नसल्यामुळे ड्रायव्हर या मॉनिटरला साधा डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची जोडणी) समजतोय, आणि साध्या, सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. टीव्ही-मॉनिटरमध्ये रूढ असलेलं टायमिंग वेगळं आहे: कडेची रिकामी जागा धरून २२०० × ११२५, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे बरोबर १४८.५ मेगाहर्ट्झ. ती मोडलाइन दिली आणि पान पूर्ण उघडलं. तिथे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळायला जुनं एक्स११ होतं म्हणून हे जमलं. त्याच्या जागी आलेल्या वेलँडवर एक्सरँडआरने असा नवा मोड घालता येत नाही.

ताई कामाला लागल्या. माझ्या डोक्यातून मात्र तो शून्य जाईना. काल चाललेला मॉनिटर आज मुका कसा? मी विचारलं, "ताई, काल इथे काही हललं का?"

"टेबल सरकवलं ना साफसफाईला! वायर काढून परत लावली."

त्या जेवायला उठल्या तेव्हा मशिन बंद करून टेबलाखाली शिरलो. वायर एका टोकाला एचडीएमआय, मॉनिटरच्या टोकाला डीव्हीआय. ते टोक काढून टॉर्चखाली धरलं. वरच्या ओळीत आठ पिना, त्यातली सातवी शेजारणीवर पूर्ण आडवी पडलेली. डीव्हीआयमध्ये सहा आणि सात या पिना ईडीआयडीच्या: सहावर क्लॉक, सातवर डेटा. चित्र दुसऱ्या पिनांवरून येतं, म्हणून पडदा दिसत होता आणि नाव तेवढं कळत नव्हतं. कनेक्टर जरा वाकडा दाबला गेला की असं होतं, आणि पिन इतकी बारीक की डोळ्यांना सहज दिसत नाही.

बारीक चिमट्याने ती सावकाश सरळ केली, कनेक्टर अलगद बसवला, स्क्रू आवळले. मशिन चालू झालं ते थेट १९२० × १०८० वर. ईडीआयडीची फाइल पुन्हा मोजली: १२८. उघडून पाहिली तर सुरुवात अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी, शून्य-शून्य, मग सहा वेळा एफएफ, मग पुन्हा शून्य-शून्य. इतका आनंद मला नवीन मशिन बसवतानाही होत नाही.

एकदा वाकलेली पिन पुन्हा दगा देते, म्हणून अंक छपाईला गेल्यावर वायरच बदलली. ताईंनी पान शंभर टक्क्यांवर आणलं, कडेचा समास निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "हां, आता गोल ते गोल दिसतंय."