अनुदान पडलं, पण कुठल्या खात्यात?

सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्यात सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पंचनामा झाला, यादीत आईचं नाव आलं, तिचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढलेला होता म्हणून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणंही, करावं लागलं नाही. पीक नुकसानीची सरकारी मदत कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि आमचं 1 हेक्टर 20 आर, म्हणजे 10,200 रुपये. इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही.

दिवाळीच्या तोंडावर गावात एकेकाच्या मोबाइलवर मेसेज पडायला लागले. आईचं पासबुक मात्र कोरडंच. तलाठ्यांना फोन केला तर म्हणाले, "पैसे पडलेत, स्टेटस बघा." बघितलं तर खरंच जमा दाखवत होतं. बँकेत गेलो तर, "आमच्याकडे काही आलेलं नाही." आठ दिवस मी या दोन वाक्यांच्या मधे मोटरसायकल पळवत होतो. पेट्रोलचा हिशोब लावला नाही तेच बरं.

शेवटी सेतूवरच्या पोराने आधारच्या साइटवर कुठली बँक लिंक आहे ते काढून दिलं. दोन मिनिटांचं काम. नाव निघालं भलत्याच बँकेचं. आईला विचारलं तर म्हणाली, "ते बिनपैशाचं खातं असंल की, शाळेत शिबिर भरवून काढलेलं." 2014 मधलं जनधन! पासबुक कधीच गहाळ झालेलं.

तर तलाठ्याकडे पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणजे पैसे त्याच खात्यात येणार, या भ्रमात राहू नका. आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय, पैसा तिथंच जातो. हे पंचनाम्याच्याच दिवशी बघून घ्या. ओटीपी लागतो, म्हणून आधारला चालू नंबर हवा.

आता त्या दुसऱ्या बँकेची कथा. पैसे खात्यात होते, पण वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय. केवायसी केल्याशिवाय एक रुपया निघणार नाही. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी ते काम बघणारे साहेब रजेवर. आई अडुसष्ट वर्षांची, एसटीने चोवीस किलोमीटर येऊन परत जायची. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले, फॉर्म भरला, आईने सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली. बचत गटात शिकलीय ती. साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघितलं आणि फॉर्म परत सरकवला.

"खातं अंगठ्याचं आहे. सही चालणार नाही."

"तवा येत नव्हती, आता येती," आई म्हणाली.

"मग आधी सहीचा वेगळा अर्ज द्या, मंजूर झाल्यावर या."

माझा पारा चढला होता. आईने माझा हात दाबला आणि नवा फॉर्म मागितला. शाईचं पॅड वाळलेलं, त्यावर साहेबांनीच बाटलीतलं पाणी शिंपडलं. आईने अंगठा उठवला, आणि शेजारी पुन्हा पूर्ण सही केली. यावेळी फॉर्म परत आला नाही. चौथ्या दिवशी खातं चालू झालं.

एक सांगायचं राहिलं. चिडून लगेच आधार दुसऱ्या बँकेत वळवू नका. रब्बीसाठी जाहीर झालेले हेक्टरी 10,000 वेगळे येणार होते, मधेच बदल केला असता तर पुन्हा शोधाशोध. आमचे ते 12,000 त्याच जनधनात आले. आणि वडील गेल्यावर जमीन आईच्या नावावर करायचा फेरफार वेळेत करून घेतला होता, नाहीतर यादीत नावच लागलं नसतं. ज्यांचं राहिलंय त्यांनी आधी ते करा.

10,200 हातात आले तेव्हा हरभरा पेरून झाला होता, बियाणं उधारीवर. पैसे तसेच दुकानात नेऊन दिले. नवीन पासबुक मात्र आईने स्वतःच्या पेटीत ठेवलंय, माझ्याकडे देत नाही.