मोरचूद, थर्मोकोलचा कप आणि हेसचा नियम

गॅदरिंग, सहली, फुटबॉलच्या मॅची यांवर या स्मरणिकेत इतर लिहितीलच. मी लिहिणार आहे मोरचुदावर, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांवर.

आमच्या बॅचमधली बरीच मुलं कुळागरवाल्यांच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतदारांच्या घरची, त्यामुळे मोरचुदाशी ओळख बारावीच्या प्रयोगशाळेआधीची. पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण व्हायचं: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. लोखंडी भांड्यात कालवायचं नाही, त्यावर तांबं चढतं, हे आजोबाही सांगत. त्या निळ्या खड्यांत पाणी कोंडलेलं असतं, हे मात्र शाळेत कळलं.

सरांनी खडे चिनी मातीच्या बशीत तापवायला लावले. निळा रंग उडत उडत पांढरट भुकटी उरली. ज्यांनी घाईने बर्नर मोठा केला त्यांची काळी पडली. मग सर म्हणाले, "हिला तिचं पाणी परत दिलं तर उष्णता किती निघेल? मोजा बघू."

हिशेबाने चार ग्रॅम भुकटीला सव्वादोन ग्रॅम पाणी. तेवढं घातलं की नुसता गोळा, बाहेर निळा, आत पांढरा. थर्मामीटर खुपसायचा कुठे? पाणी वाढवावं तर ती विरघळायलाच लागते.

इथे हेस आला. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली सांगितलं, की एकूण उष्णता सुरुवात आणि शेवट यांवर ठरते, वाटेवर नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेबद्दल मेयर या जर्मन डॉक्टराने लिहिलं ते त्यानंतर, १८४२ मध्ये. मग आम्ही एका कपात पन्नास ग्रॅम पाण्यात भुकटी विरघळवली, दुसऱ्यात तितक्याच मोलचे, म्हणजे तितकंच कॉपर सल्फेट असलेले, निळे खडे. खड्यांतलं पाणी धरून दुसऱ्या कपात पाणी थोडं कमी घ्यायचं, म्हणजे द्रावण शेवटी तेच. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उत्तर. पुस्तकी आकडे −६६.५ आणि +११.७, म्हणजे सुमारे −७८ किलोज्यूल प्रति मोल.

गंमत दुसऱ्या कपाची. पारा चक्क उतरतो! जेमतेम दीड अंश; घरच्या पिंपात तो कुणाला कळणार? आमच्या थर्मामीटरवर खुणा एकेक अंशाच्या. अर्धा अंश इकडेतिकडे झाला की उत्तर चार किलोज्यूलने हलायचं.

ऑगस्टात सगळ्यांचं उत्तर सत्तरच्या आसपास अडकलं. काहींनी जर्नलात गुपचूप अठ्ठ्याहत्तर लिहिलं. ती जर्नलं तशीच परत आली. आलेला आकडा लिहायचा आणि बाकीची उष्णता कुठे गेली ते त्याखाली लिहायचं, अशी सरांची अट. मला विचाराल तर बोर्डाची परीक्षा त्यापुढे सोपी होती. उत्तर कमी येण्याचं कारण खिडकीबाहेरच होतं. गोव्याच्या पावसाळी हवेत वजन करता करता भुकटीच्या कडा निळसर व्हायच्या. आमच्याआधी हवाच तिला पाणी पाजून मोकळी!

दिवाळी उलटली, हवा सुकली. भुकटी डेसिकेटरमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून, थेट कपात. या खेपेला पंच्याहत्तर. आम्ही खूश.

"आणि उरलेले तीन?" सरांनी विचारलं.

"सर, कपानं खाल्ले," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"बरोबर आहे रे. किती खातो, ते पुढच्या प्रॅक्टिकलला मोजायचं. गरम पाणी, गार पाणी आणि हाच कप."